नाव आणि नावं

पुण्याच्या आमच्या चिरंजीवांना मुलगी झाली तेव्हा पहिले चार दिवस बाळाचं कौतुक झालं आणि पाचव्या दिवसापासून नावाचं संकट सुरू झालं. आमच्या वेळी हे संकट नव्हतं. मुलीला नाव ठेवायचं म्हणजे आजीचं ठेवायचं, आजी अजून हिंडती-फिरती असली तर पणजीचं ठेवायचं आणि घुगऱ्या खाऊन घरी जायचं. हल्ली तसं चालत नाही. नाव सुटसुटीत हवं, अर्थ झकास हवा, अमेरिकेतल्या माणसाला उच्चारता यायला हवं (मूल अजून दवाखान्यातून घरी आलेलं नसतं), आणि मुख्य म्हणजे ते दुर्मिळ हवं. वर्गात दुसरी नको, सोसायटीत दुसरी नको. सूनबाईंनी मोबाइलवरून तीनशे नावांची यादी काढली. चिरंजीवांनी त्यातली दोनशे नव्वद ‘कॉमन’ म्हणून बाद केली. उरलेल्या दहांपैकी सहा मला उच्चारता आली नाहीत आणि चार मला औषधांची नावं वाटली.

शेवटी सूनबाई माझ्याकडे वळल्या. ‘बाबा, तुम्ही छत्तीस वर्षं शाळेत होता. हजारो मुलांची नावं लिहिलीत. एखादं दुर्मिळ नाव सुचवा की!’

मी म्हणालो, ‘आहे एक. अस्सल मराठी. संस्कृतातून आणलेलं नाही, बंगालीतून उचललेलं नाही. तीन अक्षरी. अर्थ कुणाला विचारावा लागत नाही. सातारा आणि आसपासचा मुलूख सोडला तर फारसं कुठं ऐकू यायचं नाही, आणि आता तिथंही येत नाही.’

‘कुठलं?’

‘नकुसा.’

त्यानंतर आलेल्या चहात साखर नव्हती. मला मधुमेह आहे म्हणून ती नव्हती, असं सूनबाईंचं म्हणणं. मधुमेह मला सहा वर्षांपासून आहे. साखर त्या दिवसापासून बंद झाली.

थट्टा केली हे माझं चुकलंच. पण नाव खोटं नव्हतं. माझ्या सख्ख्या आत्याचं ते नाव होतं. छत्तीस वर्षांच्या मास्तरकीत मी स्वतःच्या हातानं ते शाळेच्या जनरल रजिस्टरात कितीदा लिहिलं, ते आता मोजवत नाही.

मी मूळचा मेढ्याचा. साताऱ्याहून केळघर घाटातून महाबळेश्वरला निघालात तर वाटेत मेढा लागतं. पर्यटक तिथं उतरत नाहीत. एस.टी.च्या खिडकीतून वेण्णा नदीकडे बघून ‘काय हिरवंगार आहे!’ म्हणतात आणि स्ट्रॉबेरीच्या ओढीनं पुढं जातात. जावळी तालुक्याचं हे मुख्य ठाणं. जावळी म्हटलं की लोकांना एकच तारीख आठवते: १६५६ साली शिवाजी महाराजांनी चंद्रराव मोऱ्यांकडून जावळी घेतली. त्यानंतर आमचा तालुका इतिहासात न जाता मुंबईला गेला. कुणी गिरणीत, कुणी गोदीत, कुणी माथाडीत. मागं राहिल्या बायका, भातखाचरं आणि मनिऑर्डरीची वाट.

या चंद्ररावांची एक गंमत आहे. चंद्रराव हे त्या माणसाचं नावच नव्हे. तो विजापूरच्या दरबारानं मोऱ्यांना दिलेला किताब. जावळीच्या गादीवर जो बसेल तो चंद्रराव. म्हणजे आमच्याकडे नाव माणसाला नसून जागेला असण्याची पद्धत तेव्हापासूनची म्हणायची. मोऱ्यांची गादी गेली, चंद्रराव संपले. पण आमच्या घराघरांत आणखी एक गादी होती आणि ती मात्र चालू राहिली. घरात तिसरी, चौथी किंवा पाचवी मुलगी झाली की ती त्या गादीवर बसायची. तिचा किताब नकुसा.

ही गादी कशी तयार व्हायची ते मिठाईवरून समजतं. सातारा कंदी पेढ्यांचं गाव. मुलगा झाला की साताऱ्याहून कंदी पेढे यायचे आणि आळीभर वाटले जायचे. पहिली मुलगी झाली तर ‘पहिली बेटी धनाची पेटी’ असं म्हणून बर्फी वाटायचे; म्हणताना आवाज जरा खालच्या पट्टीत लागे इतकंच. दुसरीला गूळ. तिसरीला पाहुणेच स्वतःहून यायचे नाहीत, त्यांना तरी लाज असते. आणि चौथी झाली की घरातली वडीलधारी बाई उंबऱ्यात बसून आभाळाकडे बघायची आणि एवढंच म्हणायची, ‘आता नको.’ झालं बारसं.

मराठीत नाव ठेवणं आणि नावं ठेवणं यांत एका अनुस्वाराचा फरक आहे. नकुसा म्हणताना तेवढाही फरक उरत नाही.

मी भाषा शिकवायचो, म्हणून या शब्दाच्या मागं थोडा हात धुऊन लागलो. ‘नको’ हा मराठीतला मोठा मानी शब्द. ‘नाही’ म्हणजे माहिती. ‘नको’ म्हणजे मर्जी. हैदराबादच्या दखनी बोलीनं आपल्याकडून उचललेल्या मोजक्या दागिन्यांपैकी ‘नक्को’ हा एक. या नकोपासून झालं विशेषण: नकोसा, नकोशी, नकोसं. कुणाच्या तोंडी नकुशी, कुणाच्या नकुशा, आमच्याकडे नकुसा. आता व्याकरणानं बघाल तर नकोसा हा पुल्लिंगी झाला. मी वर्गात ‘नकोसा तो, नकोशी ती, नकोसं ते’ असं फळ्यावर लिहिलं की पहिल्या बाकावरची एखादी नकुसा घाबरून उभी राहायची. तिला वाटायचं आपल्यालाच बोलावलं. मग मी ते उदाहरण सोडून दिलं आणि ‘चांगला, चांगली, चांगलं’ घेतलं. त्या नावाची मुलगी मात्र अजूनपर्यंत भेटलेली नाही.

आता कुणी म्हणेल, वाईट नावं काय फक्त मुलींनाच ठेवली? धोंडू, दगडू, केरू, भिकू हे काय गुलाबाचे हार आहेत? खरं आहे. ज्या घरात मुलं जगत नसत त्या घरात मूल झालं की त्याला मुद्दाम हलकं नाव द्यायचं, ही पद्धत फार जुनी. मूल केराच्या ढिगावर क्षणभर ठेवून उचललं की तो केरू. मूठभर कोंड्यावर शेजारणीला विकून परत घेतला की तो कोंडिबा, असं आमची आजी सांगायची. मागून आणला तो भिकू. हेतू एकच, की यमदूत हिंडत हिंडत आला तर त्याला वाटावं, इथं दगड आहे, केर आहे, नेण्यासारखं काही नाही. आणि ही युक्ती अगदीच फसली असं म्हणवत नाही. ज्यांना आपण केरूनाना छत्रे म्हणतो त्या गणितज्ञांचं खरं नाव विनायक. पुण्याच्या एका हलवायाचं नाव दगडूशेठ, आणि त्यांच्या गणपतीपुढं आज राजे-महाराजे रांगेत उभे राहतात. धोंडो हे नाव अधिक महिन्यात, म्हणजे धोंड्याच्या महिन्यात जन्मलेल्यालाही ठेवत, पण ते बाजूला ठेवा: धोंडो केशव कर्वे १८५८ साली जन्मले आणि १९६२ साली, एकशे चार वर्षांचे होऊन गेले. धोंडा धोंड्यासारखा टिकला. मधल्या काळात त्यांनी बायकांसाठी विद्यापीठ काढलं, ते वेगळंच.

सगळ्यांत मजेदार नथू. मुलगा जगावा म्हणून त्याचं नाक टोचून नथ घालायची, म्हणजे त्याला बघून मुलगी वाटावी. मुलगी असली की मृत्यू तिकडं फिरकत नाही, असा यामागचा हिशेब. थोडक्यात, आपल्याला जे नको ते यमालाही नको असणार, अशी आपल्या लोकांची बालंबाल खात्री! एवढा विश्वास आपण दुसऱ्या कुठल्या सरकारी खात्यावर टाकलेला नाही.

तर धोंडू आणि नकुसा एका माळेचे मणी वाटतात, पण नाहीत. बरीच वर्षं मलाही ते सारखेच वाटत होते. धोंडू ही थाप आहे. मूल हवंहवंसं असतं आणि तोंडानं दगड म्हणायचं. नकुसा ही थाप नव्हे, तो अर्ज आहे. ‘सटवाई माते, आतापर्यंत पाठवलेला माल पोचला. यापुढं या प्रकारचा माल पाठवू नये. मुलगा पाठवावा. कळावे.’ अर्ज देवाच्या नावानं, मजकूर चार शब्दांचा, आणि कागद म्हणून वापरलेली एक मुलगी. कागदाला काय वाटतं हे अर्ज लिहिणारा कधी विचारत नाही. आणि अर्ज मंजूर झाला तरी कागद काही कुणी बदलून देत नाही. पाठीवर भाऊ येतो, त्याचं नाव विजय किंवा संतोष ठेवतात, आणि अर्ज जन्मभर पाणी भरत राहतो.

असे अर्ज आपणच करतो असं समजून शरमेनं मान खाली घालायचं कारण नाही; मान खाली घालायला सोबत भरपूर आहे. राजस्थानात धापू म्हणजे पोट भरलं, आता पुरे. तुर्कस्तानात मुलींचं एक नाव येतेर. त्याचाही अर्थ पुरे. चीनमध्ये झाओदी, म्हणजे धाकट्या भावाला बोलावून आणणारी. हरियाणातल्या एका शेतकऱ्यानं चौथ्या मुलीचं नाव अंतिम ठेवलं. या अंतिम पंघालनं २०२२ साली वीस वर्षांखालच्या जागतिक कुस्तीत सुवर्णपदक घेतलं. भारतीय बायकांत ते पहिलं. अंतिम नावाची मुलगी पहिली आली, हे वाचून मी पेपर घडी घालून कपाटात ठेवला आहे.

आता आमच्या आत्याकडे येतो.

माझ्या आजीला ओळीनं तीन मुली झाल्या आणि चौथी नकुसा आत्या. तिच्या पाठीवर आमचे वडील जन्मले. म्हणजे अर्ज पहिल्याच फेरीत मंजूर! त्यामुळं आमच्या घरात या नावाची प्रतिष्ठा फार वाढली. शेजारपाजारच्या सासवा येऊन विचारायच्या, ‘काय केलं वो तुम्ही?’ आणि आजी एखाद्या वैद्यानं काढ्याचं नाव सांगावं तसं सांगायची, ‘नाव बदललं नाही. नकुसाच ठेवलं.’ हे नाव आमच्या आळीत लोकप्रिय करण्यात आमच्या घराचा वाटा किती, याचा हिशेब देवाकडेच असो. मात्र ज्या नावामुळं भाऊ आला, त्या नावाच्या मुलीला ताटात भाऊ जेवल्यावर उरलेलं मिळायचं. पण ती खमकी. म्हणायची, ‘तुज्या बापाला म्या आणलाय. मी नकु झाले नसते तर तू कुठनं आला असतास?’ याला माझ्याकडे आजतागायत उत्तर नाही.

इथं आपल्या समाजानं एक मोठी चूक करून ठेवली आहे. चूक कसली, विसरभोळेपणा. बाळाला नाव ठेवायचा मान आपण आत्याला दिला. बापाची बहीण पाळण्याशी वाकते, बाळाच्या कानात कुर्रर्र करते, नाव सांगते, मागून बाकीच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. म्हणजे जिला स्वतःला धड नाव मिळालं नाही, तिच्याच हातात घरातल्या पुढच्या पिढीची सगळी नावं! आजीच्या हे ध्यानातच आलं नव्हतं.

आमच्या आईलाही आधी मुलीच झाल्या. पहिलीचं नाव पणजीवरून ठेवलं, दुसरीचं एका देवीवरून. तिसरी १९४९ साली झाली तेव्हा आजीनं आपला रामबाण उपाय बाहेर काढला. ‘नकुसा ठेवायचं. गुण येतोच.’ वडील काही बोलले नाहीत. आमच्या घरात पुरुष बारशाला ओटीवर बसत आणि अडकित्त्याचा आवाज काढत. आत्या सासरहून आली होती. ती पाळण्याशी वाकली. कानात कुर्रर्र केलं. धपाटे पडले. आणि ती सरळ होऊन मोठ्यांदा म्हणाली, ‘आवडी.’

घरात अशी शांतता झाली की घुगऱ्यांच्या पातेल्यावरच्या माश्या ऐकू याव्यात, असं आई सांगायची. आजी म्हणाली, ‘काय म्हनलीस?’

‘आवडी म्हनलं. कानात सांगून झालं. आता कानातनं परत काढता येत न्हाय.’

हा मुद्दा शास्त्रशुद्ध होता. आजी त्यावर काही करू शकली नाही. आत्याला त्या वेळी साडी-चोळी न देता परत पाठवली, एवढंच. तीन वर्षांनी, १९५२ साली, आवडीच्या पाठीवर मी जन्मलो. अर्ज न करता! इतिहासात सहसा असा पुरावा मिळत नाही, पण आमच्या घरात मिळाला: नाव ठेवलं तरी मुलगा होतो, नाही ठेवलं तरी होतो. आजीवर मात्र या पुराव्याचा काडीचा परिणाम झाला नाही. ती म्हणाली, पहिल्या नकुसाचाच गुण दोन पिढ्या पुरला.

आत्यासारखं धाडस माझ्यात असतं तर हा लेख इथंच संपवता आला असता. पण मी मास्तर झालो.

१९७४ साली मी तालुक्यातल्या एका शाळेत लागलो. नव्या नोकरीत अंगात सुधारणा फार असतात. साने गुरुजी वाचलेले असतात आणि पगारवाढ अजून अडलेली नसते. शिवाय सावित्रीबाई फुल्यांचं जन्मगाव नायगाव आमच्याच जिल्ह्यातलं, ही गोष्ट मी तेव्हा दर भाषणात सांगत असे. १९७९ सालच्या जूनमध्ये एक गृहस्थ मुलीला पहिलीत घालायला घेऊन आले. नाव विचारलं. ‘नकुसा.’ मुलगी माझ्याकडे टकाटका बघत होती. दोन वेण्या, एका वेणीला तांबडी रिबीन, दुसरीला सुतळी. मला काय वाटलं कुणास ठाऊक. ते गृहस्थ पाठ फिरवून गेल्यावर मी रजिस्टरात सुवाच्य अक्षरात लिहिलं: नलिनी. पहिलं अक्षर तेच ठेवलं. वाटलं, एवढ्या सवलतीवर कुणी भांडणार नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी गृहस्थ हजर. बातमी कशी फुटली ते आजही मला ठाऊक नाही. पण ज्या गावात मास्तरांनी काल काय भाजी खाल्ली हे ठाऊक असतं, तिथं रजिस्टर काय झाकून राहणार? ते रागावलेले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं. हात जोडून म्हणाले, ‘गुर्जी, तुमी शिकल्याली मान्सं. पर बायकू पोटुशी हाय. तुमी नाव बदाललं आन पुन्यांदा पोरगीच झाली, तर जबाबदार कोन?’

सर्व शिक्षा अभियानापासून कुटुंबनियोजनापर्यंत पुढं मी पुष्कळ प्रशिक्षणं घेतली, पण या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही पुस्तिकेत नव्हतं. मी मुख्याध्यापकांकडे बघितलं. मुख्याध्यापकांनी तांबड्या शाईच्या दौतीकडे बघितलं. मी ‘नलिनी’वर आडवी रेघ मारली, वर ‘नकुसा’ लिहिलं, शेजारी त्यांनी सही ठोकली.

त्या बाईंना मुलगीच झाली. गृहस्थ पुन्हा आले. म्हणाले, ‘बघा गुर्जी. त्यो येक दिवस नडला.’

तेव्हापासून मी कुणाचं नाव बदललं नाही. जे सांगतील ते लिहीत गेलो. सुधारणा मी भाषणापुरत्या शिल्लक ठेवल्या.

पुढं या नावाला अचानक मोठे दिवस आले. २००९च्या शेवटी एका हिंदी वाहिनीवर ‘लागी तुझसे लगन’ ही मालिका सुरू झाली, तिच्या नायिकेचं नाव नकुशा. २०१६मध्ये मराठीतही ‘नकुशी’ आली. आमच्या डोंगरातलं नाव दिल्ली-लखनौपर्यंत पोचलं आणि तिथले लोक त्याचा अर्थ विचारू लागले. त्या दोन मालिकांच्या मधे सरकार जागं झालं. सातारा जिल्हा परिषदेनं गावोगाव मोजणी केली आणि २२ ऑक्टोबर २०११ या दिवशी साताऱ्यात समारंभ करून मुलींची नावं बदलली. वर्तमानपत्रांत आकडा आला २८५. एका जिल्ह्यात, एका पिढीत, दोनशे पंच्याऐंशी अर्ज! मुली नवे कपडे घालून, वेण्या घालून आल्या, प्रत्येकीला फुलं आणि नव्या नावाचं प्रमाणपत्र मिळालं. कुणी ऐश्वर्या झाली, कुणी वैशाली, कुणी सावित्री. मी तेव्हा नुकताच निवृत्त झालो होतो. पेपर वाचून पहिल्यांदा डोळ्यांत पाणी आलं आणि दुसऱ्यांदा जरा रागही आला. जे काम मला एका दौतीच्या शाईत करता आलं असतं, त्यासाठी मांडव घालावा लागला.

पेपर घेऊन मी आत्याकडे गेलो. तेव्हा ती सत्त्याऐंशीची होती. म्हटलं, ‘आत्या, सरकार नाव बदलून देतंय. तुझंही बघू या का?’

ती म्हणाली, ‘काय करू बदलून? सातबाऱ्यावर नकुसा हाय, रेशन कार्डावर नकुसा हाय. मतदानाला नकुसा म्हनूनच गेले न्हवं?’ हे मतदान म्हणजे दारूबंदीचं. आमच्या तालुक्यातल्या बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्के मारून दारूची दुकानं बंद पाडली, त्यात तिचाही शिक्का होता. त्या दिवशी घरी आल्यावर म्हणाली होती, ‘जनम गेला लोकांनी मला नको म्हनन्यात. आज पैल्यांदा म्या कुनाला तरी नको म्हनलं.’

मग जरा थांबून म्हणाली, ‘आन लेका, यमाच्या वहीत बी हेच नाव आसंल. त्यो येतो, वाचतो, नकुसा! म्हनतो मला बी नको, आन मागारी जातो. कशाला बदालतोस?’

ती आणखी सहा वर्षं जगली.

या नावाचा खरा आकडा मात्र कधी लागायचा नाही. कारण आपल्याकडे मुलीला नाव दोनदा ठेवतात. लग्नात नवरा ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहितो आणि गेल्या कित्येक पिढ्यांच्या नकुसा त्या तांदळात विरघळून सुनीता, मंगल, शोभा होऊन गेल्या. हे नाव आता नव्यानं कुणी ठेवत नाही, याचा आनंद मानावा असं वाटतं. पण मास्तरांना वाईट खोड असते, ते बेरीज ताडून बघतात. त्याच २०११च्या जनगणनेचे पहिले आकडे आले तेव्हा आमच्या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागं मुली होत्या ८८१. आजीच्या काळी मुलगी आधी यायची आणि मग नको म्हणायचे. पुढं पडद्यावर बघून आधीच नको म्हणायची सोय झाली. महाराष्ट्रानं १९८८ साली त्याविरुद्ध कायदा केला, देशानं १९९४ साली. पण तोवर अर्जाला कागद लागेनासा झाला होता. माझ्या वर्गातल्या हजेरीपटावर नकुसा कमी होत गेल्या आणि मी म्हणत राहिलो, समाज सुधारतोय. काही सुधारला. उरलेल्याचं काय झालं ते हजेरीपटात लिहायची सोय नसते. नकुसाला निदान हजेरी तरी होती.

२०२४च्या जुलैत ‘लाडकी बहीण’ योजनेची धामधूम होती. महिन्याला दीड हजार रुपये. तालुक्यातल्या यच्चयावत बायका कागदं गोळा करत हिंडत होत्या. मी मेढ्याला घर बघायला गेलो होतो. स्टँडसमोर एका बाईंनी हाक मारली, ‘गुर्जी, वळखलं का?’ ओळखलं नाही. पन्नाशी उलटलेली, डोईवर पदर, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत आयुष्यभराची कागदपत्रं.

‘नकुसा म्या. तुमच्या पैलीतली.’

लग्नातलं नाव वेगळं, त्यामुळं अर्ज अडला होता. शाळा सोडल्याचा दाखला पाहिजे, म्हणजे लाडकी बहीण होण्यासाठी आधी नकुसा असल्याचं सिद्ध करायचं! मी तिच्याबरोबर शाळेत गेलो. तिथल्या बाई मोठ्या सज्जन. त्यांनी कपाटातून जुनं जनरल रजिस्टर काढलं, धूळ झटकली, १९७९ सालचं पान उघडलं. अक्षर माझंच. पंचेचाळीस वर्षांत तांबडी शाई विटकरी झाली होती, पण रेघेखालचं नाव स्वच्छ वाचता येत होतं.

दाखला लिहून होईतो ती पानावर वाकून बघत होती. म्हणाली, ‘गुर्जी, हे खाली काय लिवलंय?’

मी सांगितलं.

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘म्हंजी येक दिवस मी नलिनी हुते?’

‘हो.’

‘मंग त्या दिशी मला हाक मारली हुती का त्या नावानं?’

मारली होती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या हजेरीला तीनदा मारली होती. ती पहिल्या ओळीत, एका रिबिनीनं आणि एका सुतळीनं, माझ्याकडे बघत बसली होती. कुणी ओ दिली नाही, म्हणून मी नावापुढं गैरहजेरी मांडली होती.

तेही सांगितलं.

‘ओ कशी देनार?’ ती म्हणाली. ‘मला कुनी सांगितलंच न्हवतं.’

तिनं दाखल्याची घडी घातली, पिशवीत अगदी तळाशी ठेवली, वर आधार कार्ड, वर बँकेचं पुस्तक. आणि उठली. दोनची एस.टी. गाठायची होती.